कूर्माची सत्ती

हे लिहीन लिहीन म्हणता बरेच महिने गेले. आधी गुडघ्याचं निमित्त झालं, मग पावसाळ्यात विजेचं. खरं कारण दोन्ही नाही, ते पुढे कळेलच. घरच्या मंडळींनी, विशेषतः पुण्याच्या दादाने आणि ठाण्याच्या दोघी चुलतबहिणींनी, शेवटपर्यंत वाचावं आणि मगच फोन करावा ही विनंती.

२०२३ च्या गणपतीत दादा सावंतवाडीला आला तेव्हा त्याच्या बॅगेत एक जुनी लाकडी पेटी होती. सरकत्या झाकणाची, वर रंगवलेली वेलबुट्टी आता जवळजवळ पुसून गेलेली. पेटी बघूनच माझ्या पोटात खड्डा पडला. आजीच्या गंजिफा! जुनं घर विकलं तेव्हा वाटणीत त्या दादाकडे गेल्या होत्या आणि पुण्याच्या फ्लॅटमधे लॉफ्टवर तीसेक वर्षं पडून होत्या. "आता तूच ठेव, नाहीतर माझ्यामागे रद्दीत जातील," दादा म्हणाला. त्याच्या नातवाने जेवणं झाल्यावर पानं सतरंजीवर मांडली, मोजली आणि जाहीर केलं, "आजोबा, एकशे एकोणीस आहेत. आणि हा एक पुठ्ठा."

"हो, एक हरवलं होतं ना," दादा म्हणाला. "आमच्याकडे भांडी घासायला यायची तिच्या मुलीने नेलं होतं."

मी मोदकांचं ताट उचलून आत गेले.

ज्यांनी गंजिफा पाहिलेल्या नाहीत त्यांच्यासाठी थोडं सांगते. (मास्तरकी अंगातून जात नाही, काय करणार.) ही पत्ते खेळायची गोल पानं. दशावतारी गंजिफात दहा रंग असतात, म्हणजे मत्स्यापासून कल्कीपर्यंत दहा अवतार. प्रत्येक रंगाचा एक राजा, एक प्रधान आणि एकापासून दहापर्यंत पानं. बारा दाही एकशेवीस. मत्स्याच्या पानांवर मासे, कूर्माच्या पानांवर कासवं, परशुरामाच्या पानांवर परशू, अशी मोजणी. खेळायला तिघं लागतात, प्रत्येकी चाळीस पानं. डाव दिवसा असेल तर रामाचा राजा ज्याच्याकडे तो सुरुवात करणार, रात्री असेल तर कृष्णाचा. आणखी एक गंमत म्हणजे निम्म्या रंगांत दहाचं पान मोठं आणि निम्म्यांत एकाचं, त्यामुळे डोकं सतत जागं ठेवावं लागतं. पानं गोल, म्हणून पिसायची कशी? चादर पसरायची, पानं पालथी टाकायची आणि दोन्ही हातांनी कालवायची. लाडवाचं मिश्रण कालवावं तशी. तो खसखस आवाज मला आजही झोपेत ऐकू येतो.

आमच्या वाडीत ही कला आली ती तिसऱ्या खेम सावंतांच्या काळात, म्हणजे १७५५ ते १८०३ च्या दरम्यान. तेलंगण-कर्नाटकाकडून दरबारात येणाऱ्या विद्वान शास्त्रीमंडळींबरोबर ती आली असं सांगतात. चितारी मंडळींनी ती उचलली. त्यांच्या नावाची चितारआळी अजून आहे, लाकडी फळं आणि खेळणी घ्यायला पर्यटक तिथेच जातात. कापडाचे थर चिंचोक्यांच्या खळीने चिकटवायचे, घोटायचे, गोल कापायचे, रंगवायचे आणि वरून लाख चढवायची. श्रीमंतांसाठी भरगच्च नक्षीच्या त्या दरबारी, सामान्यांसाठी साध्या त्या बाजारी. आमच्या आजीच्या बाजारी होत्या. तिच्या सासऱ्यांनी घेतलेल्या.

आजी, शेजारच्या एक काकू आणि कोपऱ्यावरच्या एक विधवा आत्याबाई अशा तिघी दुपारची झाकपाक झाली की माजघरात बसत. घरात आजीचा शब्द कोणी ऐकून घेत असेल तर तो त्या चादरीवर. एरवी पुरुषांच्या पंगती, मुलांची आजारपणं, सोवळंओवळं. पण दुपारी दोन ते चार आजी राजा-प्रधान हाताळत असे आणि आत्याबाई, ज्यांना कोणी हळदीकुंकवाला बोलवत नसे, त्या हमखास जिंकत.

१९५८ चा मे महिना. मी नऊ वर्षांची. परसात आमची भातुकली चालायची आणि मला ताट हवं होतं. गोल, रंगीत, छोटं. पेटीतून वरचं पान उचललं. कूर्माची सत्ती होती ती, सात कासवं. त्यावर मातीचा भात वाढला, आमसुलाच्या पाण्याची कढी वाढली, आणि संध्याकाळी हाक आली तशी सगळं टाकून आत पळाले. रात्री वळवाचा पाऊस पडला. सकाळी पान फुगून बसलं होतं. लाख सुटलेली, कापडाचे पदर कांद्यासारखे उलगडलेले. मी ते परकराच्या ओच्यात लपवून न्हाणीत नेलं आणि चुलीत घातलं. लाख जळताना एक वेगळाच गोडसर, उग्र वास येतो. आंघोळीहून आल्यावर आजीने विचारलंसुद्धा, "न्हाणीत कसला गं वास येतोय?" मी म्हटलं, माहीत नाही.

त्या दुपारी डाव बसला तेव्हा एका हातात एकोणचाळीसच पानं आली. शोधाशोध झाली. चादर झटकली, फडताळ उपसलं. मग आमची एक काकी म्हणाली की सकाळी ती भांडीवालीची पोर माजघराच्या दाराशी उभी होती. ती माझ्याच वयाची. भातुकलीत ती रोज असायची. ते पान तिने मातीत बघितलंही होतं आणि मला म्हणालीही होती की हे आजींचं आहे, ठेवून ये. तिला बोलावलं, विचारलं. तिने माझ्याकडे बघितलं. मी दाराच्या आड होते, पण तिला दिसत होते. ती काही बोलली नाही. का बोलली नाही, याचा विचार मी पुढे आयुष्यभर केला. तेव्हा फक्त सुटल्यासारखं वाटलं. तिच्या आईने तिथेच तिच्या पाठीत दोन धपाटे घातले आणि दुसऱ्या दिवसापासून ती एकटीच कामाला येऊ लागली.

आजोबांनी वहीचा पुठ्ठा गोल कापून सातव्या पानाच्या जागी दिला. पण पालथं टाकलं तरी ते पान ओळखू यायचं, डावात गंमत राहिना. नवीन पान करून घ्यावं तर तेव्हा चितारआळीत खेळणी होत होती, फळं होत होती, गंजिफा रंगवणारा हात मात्र जवळजवळ उरला नव्हता. छापील इंग्रजी पत्ते चार-आठ आण्यांत मिळत असताना हाताने एकशेवीस पानं कोण रंगवणार आणि कोण विकत घेणार? पुढच्याच वर्षी आत्याबाई गेल्या आणि पेटी फडताळात गेली ती गेलीच.

तर २०२३ ची दिवाळी झाल्यावर एका सकाळी मी पेटी पिशवीत घालून मोती तलावाच्या काठाने राजवाड्यात गेले.

सावंतवाडीच्या राजवाड्याबद्दल बाहेरच्यांना फारसं माहीत नसतं. इथल्या दरबार हॉलमधे आता दरबार भरत नाही, तिथे गंजिफा रंगवणारे कलाकार बसतात. याचं श्रेय शिवरामराजे भोसले आणि राणीसाहेब सत्त्वशीलादेवी यांना. राणीसाहेब बडोद्याच्या गायकवाड घराण्यातून इथे सून म्हणून आलेल्या. १९७० च्या आसपास त्या दोघांच्या लक्षात आलं की ही कला जाणणारे एक वयोवृद्ध चितारी तेवढे राहिले आहेत, ते गेले की संपलं. नुसतं हळहळून न थांबता दोघं त्यांच्याकडून शिकले. राजाराणी स्वतः ब्रश धरून बसले, मग गावातल्या मुलामुलींना शिकवलं आणि बसायला जागा दिली ती आपल्या दरबाराचीच. शिवरामराजे १९९५ साली गेले, राणीसाहेब २०१८ साली. काम चालू आहे.

मी नोकरीत असताना मुलांच्या सहली घेऊन तिथे चार-पाचदा गेले होते. पण तेव्हा लक्ष सगळं मुलांवर. कोण कशाला हात लावतंय, कोण मागे राहिलंय. या वेळी पहिल्यांदाच एकटी आणि निवांत बघितलं. उंच छत, भिंतीवर जुन्या तसबिरी, आणि जमिनीवर बैठकीचं लाकडी डेस्क घेऊन पाच-सहा जणी बसलेल्या. प्रत्येकीसमोर रंगाच्या वाट्या, पाण्याचा पेला आणि ब्रश. एकीच्या पुढे पानं, दुसरीच्या पुढे पेटीचं झाकण, तिसरीच्या पुढे बुद्धिबळाचा पट. काम करतात तिथेच झालेल्या वस्तू मांडलेल्या असतात, विकायलाही तिथेच. म्हणजे कारखाना, प्रदर्शन आणि दुकान एकाच दालनात. बघणारा येतो, रंगवणारीच्या खांद्यावरून वाकून बघतो, फोटो काढतो, "किती वेळ लागतो हो?" विचारतो. ती मान वर न करता उत्तर देते आणि हात हलत नाही.

मला आधी हे जरा खटकलं. आपण उत्तरपत्रिका तपासताना कोणी मागे येऊन उभं राहिलं तर चालेल का? मी बोलूनही दाखवलं. त्यावर कडेची एक हसून म्हणाली, "बाई, वर्गात तुमी शिकवत असताना इन्स्पेक्टर मागे बसायचे मां? तसाच." मी चमकून बघितलं. माझीच विद्यार्थिनी निघाली, १९८८-८९ च्या सुमाराची! मराठीच्या वहीच्या समासात वेलबुट्ट्या काढायची म्हणून मी तिला दोन वेळा वर्गाबाहेर उभं केलं होतं, असं तिने सगळ्यांसमोर मोठ्या आनंदाने सांगितलं. समास आता तिच्या पोटापाण्याचा झाला होता, कारण गंजिफाच्या पानाची गोल किनार काढण्यात तिचा हात सगळ्यांत साफ, असं बाकीच्याच म्हणाल्या. (तिने मला जी पावती लिहून दिली त्यात ऱ्हस्व-दीर्घाच्या तीन चुका होत्या. मी गप्प बसले.)

मी पेटी उघडली आणि कामं थांबली.

पुढचा तासभर जे चाललं ते मला नीट सांगता यायला हवं, कारण त्यासाठीच खरं तर हे लिहायला बसले. सगळ्या जणी आपापली डेस्कं सोडून गोलात बसल्या. ओल्या रंगाचे हात पुसून एकेक पान कडेने धरून बघू लागल्या. त्यांच्या लेखी हे कोणा अनोळखी माणसाचं काम नव्हतं, ज्याचं काम पुढे चालवतोय त्याचं होतं. "ह्येचो हात बघ," एक म्हणाली. "कासवाक पाय म्हणान नुसते चार ठिपके दिल्यान हत. पण मान बघ, कशी एका बाजूक वळयल्यान हा." मी ती पानं लहानपणापासून पाहिलेली, पण कासवांच्या माना वळलेल्या आहेत हे मला कधी दिसलं नव्हतं.

आता प्रश्न असा की जे पानच नाही ते कसं काढायचं? सात कासवं कशी मांडली होती? मला आठवेना. मी ते पान शेवटचं पाहिलं ते फुगलेलं. मग त्यांनी मत्स्याची सत्ती काढली, परशुरामाची सत्ती काढली, सगळ्या दहा रंगांतल्या नऊ सत्त्या ओळीने मांडल्या. म्हणजे त्या चिताऱ्याची सात चिन्हं मांडायची रीत कळली. कासवाचं रूप घेतलं कूर्माच्या अठ्ठीवरून आणि छक्कीवरून. जमिनीचा रंग त्याच रंगाच्या इतर अकरा पानांवरून, कारण प्रत्येक अवताराची जमीन वेगळी असते. हरवलेल्या माणसाचा चेहरा त्याच्या भावंडांवरून ठरवावा तसं चाललं होतं.

यात मतभेद झाले नाहीत असं नाही. एकीचं म्हणणं, सगळी कासवं हुबेहूब जुन्यासारखी काढायची, आपला हात दिसता कामा नये. दुसरी म्हणाली, असं होतच नाही, सात कासवं काढायची म्हणजे सात वेगळी कासवं होतात, त्या म्हाताऱ्याचीही झालीत बघ, ही तिसरी किती जाडी आहे. तिसरीने वेगळाच मुद्दा काढला. पाठ. पानाची पाठ एकरंगी असते म्हणजे कोणतं पान ते कळू नये. पण शंभर वर्षांच्या हाताळण्याने जुन्या पाठींचा लाल रंग विटून विटकरी झालेला. नवीन लाल लावला तर आजोबांच्या पुठ्ठ्यासारखंच हेही पान ओळखू येणार. एक कोवळी मुलगी, बहुधा शिकाऊ, म्हणाली की रंग वाळल्यावर चहाच्या पाण्याने पुसून काढू, जुना दिसेल. त्यावर माझी विद्यार्थिनी ठामपणे नाही म्हणाली. "रंग मिसळून जवळ जाऊया, पण खोटां म्हातारपण नको."

मी शाळेत अडतीस वर्षं स्टाफरूममधे काढली. तिथे एकमेकींच्या कामात इतक्या मोकळेपणाने नाक खुपसलं असतं तर आठवडाभर अबोला झाला असता. इथे एकीने दुसरीच्या डेस्कवरची वाटी उचलली, तिसरीने चौथीचा ब्रश घेऊन कागदावर कासव काढून दाखवलं, ते पाचवीने खोडलं, आणि कोणाला काही वाटलं नाही. सगळ्या एका खोलीत, एका उजेडात बसतात म्हणून हे होत असावं. वीज गेली तेव्हा सगळ्यांनी न बोलता डेस्कं खिडकीकडे सरकवली, त्यात कोणाचं डेस्क कुठे याचाही क्रम ठरलेला असावा. घरोघरी बसून हेच काम केलं असतं तर मजुरी सुटली असती, पण त्या नऊ सत्त्या ओळीने मांडायची कल्पना एकटीला सुचली असती का, शंका आहे.

भांडणं नसतील असं मी म्हणत नाही. तासाभराच्या पाहुणीला भांडणं दिसत नाहीत.

आणि मग तो प्रश्न आलाच. त्या शिकाऊ मुलीने अगदी सहज विचारला, "पण आजी, ह्यां पान हरावला कसा?"

माझ्या तोंडात नेहमीचं वाक्य तयार होतं. घरात पासष्ट वर्षं सगळे तेच म्हणत आले, मीही म्हणत आले. पण तिथे, त्या गोलात बसून, ज्यांनी माझ्यासाठी तासभर डोकं शिणवलं त्यांच्यासमोर ते वाक्य काही बाहेर पडेना. मी म्हटलं, "मी जाळलं."

आणि मग सगळं सांगितलं. भातुकली, पाऊस, न्हाणीची चूल, दाराआड उभं राहणं. त्या मुलीचं माझ्याकडे बघणं. कोणी "असू दे हो, लहान होतात" म्हणालं नाही, याचे मी त्यांचे आभार मानते. बराच वेळ कोणी काही बोललं नाही. मग माझ्या विद्यार्थिनीने फक्त एवढंच विचारलं, "ती आसा अजून?"

मला माहीत नव्हतं. पासष्ट वर्षांत मी कधी चौकशीच केली नव्हती.

पान तयार व्हायला पंधरा दिवस लागतील म्हणाल्या. खरं तर एकेक पान करून देत नाहीत, पण करून दिलं. त्या पंधरा दिवसांत मला घरात बसवेना म्हणून मधे एकदा भाच्याला घेऊन पिंगुळीला जाऊन आले. कुडाळजवळच आहे. तिथे ठाकर समाजातल्या परशुराम गंगावणे यांनी आपल्या गुरांच्या गोठ्याचं संग्रहालय केलं आहे, ठाकर आदिवासी कला आंगण. चित्रकथी, कळसूत्री बाहुल्या, चामड्याच्या बाहुल्या, सगळं तिथे. २०२१ साली त्यांना पद्मश्री मिळाली तेव्हा जिल्ह्यात घरोघरी आनंद झाला होता. राजवाड्यात दरबाराची जागा मिळाली, इथे गोठ्याची. इथे ती जागा देणाराही कलावंतच आणि कसणाराही तोच, हा फरक मात्र मोठा आहे. गोठा रिकामा करायचा म्हणजे दुभतं जनावर कमी करायचं, हे गावात राहिलेल्यालाच कळेल. चित्रकथीची जुनी चित्रं बघताना माझ्या मनात सारखं येत होतं की या लोकांवरही गावोगाव किती आळ घेतले गेले असतील. भिक्षेकरी म्हणून दारात उभे राहिलेल्यांवर घरातलं काही हरवलं की पहिली नजर जाते. मी नजर म्हणते खरी, पण ती नजर आमच्याच माजघरातली.

पान मिळालं. सुंदर झालं आहे. सात कासवं, माना वळलेल्या, त्यातलं एक जरा जाडं (मुद्दाम की कसं, विचारलं नाही). पाठ बरीचशी जुळली आहे, पण उन्हात धरली तर कळतं. विद्यार्थिनीने किनार काढली, कासवं दुसरीने, लाल रंग तिसरीने मिसळला. पैसे घेताना किती घ्यावे यावर पुन्हा त्यांच्यात चर्चा झाली, शेवटी मी सांगितलेले घेतले.

दरम्यान माझ्या विद्यार्थिनीने तिच्या माहेरच्या ओळखीतून शोध काढला होता. ती आहे. बांद्याच्या बाजूला एका वाडीत दिली होती, नवरा गेला, मुलाकडे असते. जानेवारी २०२४ मधे मी रिक्षा करून गेले. बरोबर पेटी नेली. का नेली, आता सांगता येत नाही.

खळ्यात उन्हाला बसली होती. एका कानाने ऐकू येत नाही. सुनेने ओळख करून दिली, तेव्हा आधी माझ्या आईचं नाव घेतलं, मग आजीचं. आजी तिला केळीच्या पानात नारळाची वडी द्यायची हे तिला आठवत होतं. आमच्या परसातला फणस आठवत होता. मी तिच्या बऱ्या कानाशी वाकून सगळं सांगितलं. तू नाही घेतलंस, मी जाळलं, मला माहीत होतं आणि मी बोलले नाही. तिच्या हातात पान दिलं. तिने ते उलटसुलट केलं, बोटाने कासवं मोजली.

"माका आठवणा नाय गो," ती म्हणाली. "पान काय आठवणा नाय."

मी म्हटलं, तुला बोलावून विचारलं होतं, आईने मारलं होतं.

"आये मारायचीच." मग थोडा वेळ गेला. "पण मगे आयेन माका खंयच्याच घराक न्हेल्यान नाय. म्हणायची, घरातच बस. धाकट्यांका बघ. तां आठवता. कशाक तां माका तेवा कळाक नाय."

सुनेने चहा आणला. ती शाळेत दुसरीपर्यंत गेली होती आणि त्यानंतर गेली नाही, हे मला सुनेकडून कळलं. मी बी.ए. झाले, अडतीस वर्षं मुलींना शिकवलं, घरी बसवलेल्या मुलींच्या बापांना शाळेत बोलावून दटावलं. चहा घेतला आणि निघाले. निघताना तिने पान परत दिलं. मी म्हटलं राहू दे तुझ्याकडे. तर म्हणाली, "माका कशाक? एकट्या पानाचो डाव जाता काय?"

ठाण्याच्या बहिणींनो, आजीबद्दल आता लिहिते. तुम्ही दोघी तिच्या फोटोला अजून हार घालता, मीही घालते. आजी तेव्हा पन्नाशीची होती आणि तिचं नाक तल्लख होतं. गंजिफा तिने चाळीस वर्षं हाताळल्या होत्या. लाखेचा वास तिला ओळखू आला नसेल हे मला पटत नाही. तिने मला विचारलं, मी माहीत नाही म्हटलं, आणि तिने पुन्हा विचारलं नाही. दुपारी ती पोर समोर उभी असताना आजी चादरीकडे बघत होती. घरातल्या नातीपेक्षा दारातल्या पोरीवर आळ आलेला सोपा पडला असेल. किंवा तिला खरंच कळलं नसेल. मला दोन्ही दिवशी दोन्ही वाटतं.

दादा, तुझ्या नातवाला सांग की आता एकशेवीस आहेत. पुठ्ठाही पेटीतच ठेवला आहे, आजोबांच्या हातचा आहे म्हणून. आणि ते पान कोणी नेलं याबद्दल तू त्याला जे सांगितलंस ते तेवढं बदलून सांग.

पुढच्या रविवारी राजवाड्यातल्या दोघी जणी घरी येणार आहेत. खेळायला तिघी लागतात. दुपारी बसणार असल्याने रामाचा राजा कोणाकडे येतो ते आधी बघायचं.